शेजारणीचा होकार

हेळेवाडीच्या मुंबई मंडळाला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि नेमकी त्याच वर्षी कार्यक्रमाला जागा उरली नव्हती. कुडाळकडच्या त्या गावची माणसं गिरण्यांच्या दिवसांत मुंबईला आली आणि गिरण्या गेल्यावर विक्रोळी, भांडुप, घाटकोपरात पांगली. पण दर माघात एका रविवारी सगळी विक्रोळीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. बायकांचं हळदीकुंकू, मुलांचे सत्कार, पंगती, आणि मग डबलबारी, म्हणजे दोन बुवांचं समोरासमोर भजन. यंदा त्या हॉलवर 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागली आणि मंडळ उघड्यावर आलं.

डिसेंबरातल्या बैठकीत अध्यक्ष नंदकिशोर सावंत कपाळाला हात लावून बसले होते. तेवढ्यात सुयोग उभा राहिला. सुयोगचा साउंड-लाइटिंगचा धंदा, त्यामुळे पोरगा गावभर फिरलेला आणि ओळखी दांडग्या.

"हॉल हवाच कशाला, काका? गोराईला एक वाडी आहे. बोरिवलीच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, खाडी ओलांडली की आलीच. ताडाची झाडं, मोकळं रान, हवा एकदम झकास. मागच्याच महिन्यात तिथं लग्नाचा साउंड लावला मी. खासगी जागा आहे. कोण विचारायला येत नाही. काय पण करा."

टाळ्या पडल्या. कुणी म्हणालं बसेस सांगू, कुणी म्हणालं पाचशे माणूस तर सहज येईल. बायकांच्या बाकावरून सुगंधा घाडीगावकरनं विचारलं, "आणि बायकांनी जायचं कुठं?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा दोघंचौघं हसले. मागून एक आवाज आला, "झुडपां कमी आसत काय थंय?"

सुगंधा हसली नाही. तिनं घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर सगळी नोकरी काढली होती. फोन डेड आहे, बिल दुप्पट आलंय, लाइनमन आलाच नाही, असं ओरडणारी माणसं दिवसभर कानाशी. आवाज न चढवता, पण फोनही न ठेवता बोलत राहायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं. एक्स्चेंज रिकामं झालं, तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी ती सवय गेली नाही. ऑफिसमुळे तिची बोली स्वच्छ मराठी झाली होती. ती मालवणीत बोलायला लागली की ती चिडलीय, एवढं घरच्यांना ठाऊक होतं.

त्या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट होती. ती नवी सून असताना मंडळानं अशीच एक सहल बदलापूरकडच्या कुणाच्या तरी शेतावर नेली होती. आडोसा नव्हता म्हणून तिच्या सासूनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. दुपारी उन्हात बाई कोसळली. पुढे लघवीच्या जंतुसंसर्गानं महिनाभर अंथरुणाला खिळली आणि त्यातून कधी धड उठलीच नाही. मंडळाच्या अहवालात मात्र सहल उत्साहात पार पडल्याचं छापून आलं. सुगंधानं तो अहवाल सासूच्या उशाशी बसून वाचला होता.

"यंदाचा कार्यक्रम मी बघते," ती म्हणाली. "जागा चांगली असेल तर गोराईलाच करू. पण आधी मी बघून येणार."

नंदकिशोर सावंतांना कामाची धावपळ नकोच होती. "बघ तर बघ," ते म्हणाले. आपण काय कबूल केलं हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

*

पुढच्या रविवारी सुगंधा नवऱ्याला घेऊन निघाली. काशीराम विक्रोळीच्याच एका कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त. बोलायला कमी आणि पखवाज वाजवायला पक्का. डबलबारीत एका बुवाच्या मागे तोच बसायचा. बोटीत तो खाडीकडे बघत राहिला आणि उतरताना एवढंच म्हणाला, "नंद्याक नडू नको उगाच."

"नडत नाही. बघायला आलेय."

वाडीचे मालक देवदत्त चुरी फाटकापाशी उभे होते. बोरिवलीत औषधांचं दुकान चालवणारा सभ्य माणूस. आजोबांची ही जमीन; आता कसायला कुणी नाही म्हणून अधूनमधून कार्यक्रमांना द्यायची. "आपलीच समजा," ते म्हणाले.

जागा खरंच सुंदर होती. ताडांची रांग, पलीकडे खाडीचा वारा, मधे मोठं सपाट मैदान. पण मैदानभर कमरेइतकं गवत वाळून सोनेरी झालं होतं, आणि स्वयंपाकासाठी म्हणून जी जागा चुरींनी दाखवली ती त्या गवताच्या कडेलाच. कोपऱ्यात एक शेड आणि एकच संडास, दाराची कडी तुटलेली. विहीर मात्र छान बांधीव, वर पंप.

सुगंधा विहिरीत डोकावली तोच कुंपणाच्या काट्यांपलीकडून आवाज आला, "बघा, बघा. लग्नवाल्यांनीही आधी असंच बघितलं होतं."

पलीकडे वांग्याच्या वाफ्यात एक बाई उभी होती. साठी उलटलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात खुरपं. चुरी चाचरले. "या राधाबाई. शेजारी आहेत आमच्या. विहीर दोघांच्यात आहे, जुना वहिवाटीचा हक्क..."

"हक्क कसला?" राधाबाई म्हणाल्या. "तुमच्या लग्नवाल्यांनी दोन दिवस पंप चालवला. कारंजं करायचं होतं म्हणे नवरानवरीला! खाली खाडी आहे, शेठ. गोडं पाणी उपसलं की खारं वर येतं. ही वांगी बघा."

सुगंधानं बघितली. पानं कडेनं करपून आत वळली होती. फुलं धरली होती ती गळून मातीत पडली होती.

"आणि काचा. एक पायात शिरली तेव्हा कळलं. गाय तर त्या स्पीकरच्या धाड-धाडनं दावं तोडून गेली ती रात्र खाडीच्या चिखलात. बाकी लग्न झकास झालं."

'झकास' हा शब्द नेमका सुयोगचा होता. सुगंधाला तो कानात टोचला.

देवदत्त चुरींचा चेहरा पडला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते चावी राखणदाराला देऊन बोरिवलीत बसत, आणि राखणदार म्हणे सगळं ठीक झालं. "मला सांगायचं होतंत," ते म्हणाले.

"तुम्ही येता कधी?"

सुगंधा कुंपणाला वळसा घालून राधाबाईंच्या अंगणात गेली. तिला कुणी बस म्हटलं नाही. ती पायरीवर बसली.

"आमचं गाव भजन करणार आहे इथं. एक दिवस," तिनं सांगितलं. "तुम्ही हो म्हणालात तरच."

"माझ्या होकाराचं काय लोणचं घालताय? जमीन त्यांची."

"जमीन त्यांची. पण आम्ही निघून गेल्यावर राहायचं तुम्हाला आहे."

राधाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि परत वाफ्यात वाकल्या. "मग माझं 'नाही' आहे," त्या म्हणाल्या.

*

परतीच्या बोटीत काशीरामला वाटलं, विषय संपला. सुगंधाला वाटलं, आत्ता कुठे सुरू झाला.

तिनं एकेक गोष्ट हातात घेतली. पिण्याचं पाणी मोठ्या जारमधून न्यायचं, स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं टँकरनं, भाईंदर-उत्तनच्या रस्त्यानं. विहिरीला हात लावायचा नाही. फिरती शौचालयं भाड्यानं आणायची आणि ती मंडपाच्या मागे अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता वाटेवर ठेवायची, म्हणजे म्हाताऱ्यांना चालावं लागणार नाही. गवत आधी कापून उचलायचं आणि चूल त्यापासून लांब, मोकळ्या मातीवर. फटाके नाहीत. स्पीकर खाडीकडे तोंड करून, आणि दिवे लागायच्या आत बंद. पोलिसांकडून स्पीकरची परवानगी घ्यायला ती स्वतः गेली. तिथल्या हवालदारानं विचारलं, "खासगी जागेत आहे ना, मग कशाला घाबरता?" ती म्हणाली, "घाबरत नाही, विचारतेय," आणि शिक्का घेऊनच उठली.

सगळ्यात अवघड गोष्ट माणसांची होती. ती जागा, ते गवत, ती बोट, हे सगळं बघून तिनं ठरवलं होतं की तीनशेच्या वर माणूस नाही. बैठकीत तिनं हे सांगितलं आणि गलका झाला.

नंदकिशोर सावंत उभेच राहिले. "पन्नासावा वर्ष आसा, सुगंधा! गाववाल्यांका 'येव नको' म्हणून सांगूचा? खयच्या तोंडान?"

"घरटी नावं आधी घेऊ, भाऊ. ज्यांना नाही जमणार त्यांच्यासाठी गणपतीआधी विक्रोळीत दुसरा कार्यक्रम करू. मी करते."

"आणि परमिशन त्या शेजारणीची! ती कोण लागून गेली?"

"तिची विहीर खारी झाली, भाऊ. कारंज्यासाठी."

सुयोग मान खाली घालून मोबाइल बघत होता. तो उठून म्हणाला, "काकी, मला माहीत नव्हतं. कारंज्याचा पंप मीच जोडून दिला होता." मग थोडं थांबून, "पण तीनशे म्हणजे कमी आहेत यार."

"तीनशेच," सुगंधा म्हणाली.

घरी काशीराम दोन दिवस पखवाजालाही शिवला नाही. त्याला मंडळातला तंटा नको होता. नंदकिशोर त्याचा लहानपणापासूनचा सोबती. तिसऱ्या संध्याकाळी त्यानं पखवाजाच्या पुडीला पिठाचा गोळा लावता लावता विचारलं, "शेजारीण हो म्हणाली?"

"नाही अजून."

"मगे?"

"परत जातेय उद्या."

सकाळी तो तिच्या आधी चपला घालून दारात उभा होता.

राधाबाईंकडे सुगंधा पुन्हा गेली, आणि नंतरही गेली. एकदा वांगी विकत घेतली, एकदा नुसती बसली. त्यांचा मुलगा वसईला कामाला, आठवड्यानं येतो. गाय म्हातारी झालीय. खारं पाणी हळूहळू उतरतंय पण अजून भाजीला मानवत नाही, असं सगळं तिला कळत गेलं. तिनं टँकरबद्दल सांगितलं तेव्हा राधाबाई म्हणाल्या, "लग्नवालेही सांगत होते टँकर येणार. आला नाही की पंप आहेच."

त्यात खोटं काही नव्हतं. सुगंधानं तिथूनच देवदत्त चुरींना फोन लावला आणि विचारलं, पंपाच्या खोलीला कुलूप आहे का. होतं. "त्याची चावी कार्यक्रमाच्या दिवशी राधाबाईंकडे द्याल?"

पलीकडे चुरी अडखळले. माझ्या पंपाची चावी दुसऱ्याकडे म्हणजे, उद्या तेच नेहमीचं होऊन बसलं तर, वगैरे. सुगंधानं आपल्या टेबलावरच्या आवाजात त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "साहेब, तुम्ही बोरिवलीत असता. इथं कुणीतरी असायला हवं ना?" चुरी म्हणाले, "बरं. मी स्वतः येऊन देतो."

राधाबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. "चावी माझ्या कनवटीला असेल तर या," त्या म्हणाल्या. "पण गाईपाशी कुणी पोर फिरकता कामा नये."

*

रविवार उजाडला तो स्वच्छ. बोटीच्या पहिल्या खेपेला बायकाच निघाल्या, नव्या साड्या आणि डोक्यात अबोली. वाडीत गवत कापून झालं होतं आणि मंडपाभोवती मातीचा रुंद पट्टा मोकळा होता. वाटेवर शौचालयांची रांग, हात धुवायला पाण्याची पिंपं, आणि तिथे लक्ष ठेवायला दोघी जणी. जेवणाचा टेंपो उत्तनच्या रस्त्यानं आला होता. वड्यांचं पीठ घरूनच मळून आणलेलं, काळे वाटाणे भिजवलेले, तांदूळ निवडलेले. भटारी चूल पेटवून बसला होता. पाण्याच्या टँकरचा मात्र पत्ता नव्हता.

सुगंधानं ड्रायव्हरला फोन लावला. रस्त्यात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. दुसरी गाडी सांगितलीय, येते. "कधी?" "येते, बाई." तक्रारींच्या टेबलावर तिनं असल्या 'येते'चा अर्थ इतक्या लोकांना समजावला होता की आता स्वतःला समजवायला वेळ लागला नाही.

हळदीकुंकू झालं, मुलांचे सत्कार झाले. ऊन वर आलं. लोकांनी चुलीकडे बघायला सुरुवात केली. भटारी येऊन म्हणाला, पाण्याशिवाय भातही नाही आणि उसळही नाही. जारमधलं पाणी पिण्यापुरतंच होतं. आणि मग नंदकिशोर सावंत धोतराचा सोगा सावरत पंपाच्या खोलीकडे चालू लागले.

"पाणी नाय म्हणजे काय? हय विहीर आसा मा!" ते मोठ्यानं म्हणाले. "अर्धो तास चलवूया पंप. कोणाचा काय जाता?"

त्यांच्या मागे दहाबारा माणसं गेली. राधाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या, हात कनवटीवर. सुगंधा धावत पोचली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"पंप चालणार नाही, भाऊ."

"मी अध्यक्ष आसय!"

"आसास. पंप चलाचो नाय."

ती मालवणीत बोलली तशी मागची चारदोन माणसं थबकली. नंदकिशोरचा चेहरा लाल झाला होता. "तुज्या हट्टापायी माणसां उपाशी ऱ्हवतली," ते म्हणाले. "पन्नासाव्या वर्षाक! गावाचां नाव घालवलंस."

मंडपात एक लहान मूल रडत होतं, आणि ते भुकेनंच रडत होतं, हे सगळ्यांनाच ऐकू येत होतं. चावी मागितली तर राधाबाई देतील का, हा प्रश्न नव्हता. तिला दिसत होतं की त्या देतील. त्यांचा हात कनवटीतून अर्धा बाहेर आला होता.

"अर्धा तास घ्या," राधाबाई म्हणाल्या. "लेकरं आहेत."

सुगंधाला हो म्हणायचा मोह झाला. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या उन्हात, शेजारणीनंच दिलेली परवानगी. पण अर्ध्या तासानं भटारी म्हणेल अजून थोडं, मग भांडी घासायची, मग पाय धुवायचे. कोण बंद करणार तो पंप?

"नको," ती म्हणाली. "मी तुम्हाला शब्द दिलाय. तुम्ही सोडलंत तरी तो मला मोडवत नाही."

राधाबाईंनी चावी परत खोचली आणि त्या घराकडे वळल्या. नंदकिशोर "बघा, बघा!" म्हणाले. पण बाई आत जाऊन दोर आणि पोहरा घेऊन आल्या आणि तो विहिरीच्या कठड्यावर आदळला.

"पंप नाही. हातानं ओढा. किती ओढाल ते ओढा, हातानं ओढलेलं विहिरीला जड होत नाही."

पहिला पुढे आला सुयोग. त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या, पोहरा सोडला आणि दोर ओढताना पहिल्याच खेपेला हाताला खरचटून घेतलं. दुसरी खेप त्यानं पंचा गुंडाळून ओढली. मग आणखी चौघं आले. पाण्याला खारटपणाची किंचित चव होती, पण चालण्यासारखं होतं. तेवढ्यातून एका पातेल्यात मऊ भात झाला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पुरेल एवढा. बाकीच्यांसाठी सुगंधानं माइक घेतला.

"टँकर आलेला नाही," तिनं सरळ सांगितलं. "जेवण उशिरा होणार. विहिरीवरचा पंप आपण लावणार नाही, ती विहीर इथल्या शेतीची आहे. पिण्याचं पाणी भरपूर आहे, ते प्या. आता वडे आणि सुकी चटणी मिळेल. ज्यांना थांबायचं नसेल त्यांच्यासाठी बोट आहे. त्यांना मी हात जोडते. चूक झाली असेल तर ती माझी आहे."

काही माणसं खरंच उठून गेली. एकजण जाताना म्हणाला, मंडळाची वाट लागली. सुगंधा ऐकून उभी राहिली. मंडपात कुजबुज वाढत होती आणि ती कशानं थांबवावी हे तिला सुचेना.

तेव्हा पखवाजावर थाप पडली. डबलबारी जेवणानंतर होती. काशीरामनं कुणाला न विचारता बैठकीवर मांडी ठोकली होती. बुवानं चमकून त्याच्याकडे बघितलं, मग हसून पेटी ओढली. पहिला गजर रंगला, समोरच्या बुवाला चेव चढला, त्यानं उत्तर दिलं. लोक हातात वडा घेऊन मंडपात सरकले. पखवाज असा काही वाजत होता की पोटातली भूक विसरली नाही तरी जरा बाजूला बसली.

टँकर आला तेव्हा सूर्य ताडांच्या शेंड्यांवर होता. पंगती बसल्या त्या संध्याकाळच्या सोनेरी उन्हात. काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी. भुकेनं जेवण गोड लागलं असं कुणीच म्हणालं नाही. सगळे चिडलेलेच जेवले, आणि भरपूर जेवले. नंदकिशोर सावंत एकटे वेगळ्या रांगेत बसले आणि सुगंधानं वाढलेली सोलकढी त्यांनी घेतली नाही.

दिवे लागायच्या आत स्पीकर बंद झाले. गर्दी निघाली तेव्हा एक म्हातारी सुगंधाच्या हाताला धरून कानाशी म्हणाली, "गे, आज मी चार गिलास पाणी प्यालंय." सुगंधाला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. तिनं म्हातारीला बोटीपर्यंत पोचवलं.

*

दुसऱ्या दिवशी ती आठ बायकांना घेऊन परत आली. सोबत सुयोगही आला. त्याच्या तळहातावर फोड होते. त्यांनी मंडपाची जागा काठीनं चाळून काढली, कागद, फुलं, द्रोण सगळं पोत्यांत भरलं. राख थंड आहे का हे सुगंधानं हात घालून बघितलं. देवदत्त चुरी दुकान बंद ठेवून आले होते. सगळं फिरून पाहिल्यावर ते राधाबाईंच्या अंगणात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर कळलं की लग्नानं गेलेल्या वांग्यांच्या भरपाईचा विषय त्यांनी स्वतःच काढला होता.

राधाबाईंनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, चूळ भरली. सुगंधा निघताना म्हणाल्या, "माणसं जास्तच होती. गाय दिवसभर उभी होती."

"पुढच्या वेळी कमी आणू."

"दोनशे," राधाबाई म्हणाल्या. "आणि तो मेला टँकर आदल्या दिवशी."

मंडळात पुढे बरेच दिवस धुसफूस चालली. ग्रुपवर लांबलचक मेसेज आले, कुणी नाव न घेता लिहिलं, कुणी नाव घेऊन. नंदकिशोर सावंत काशीरामशी बोलत, सुगंधाशी नाही. गणपतीआधीचा विक्रोळीतला कार्यक्रम तिनं कबूल केल्याप्रमाणे केला; राहिलेली घरं आली. त्या दिवशी नंदकिशोर मागच्या रांगेत येऊन बसले आणि जाताना म्हणाले, "संडासा बरी होती गोराईक." एवढंच. सुगंधानं ते पदरात बांधून घेतलं.

त्यानंतर तिला दुसऱ्या मंडळांचे फोन येऊ लागले. दिंडोशीच्या एका गाववाल्यांना मनोरीच्या बाजूला कुणाच्या तरी शेतावर मेळावा करायचा होता. त्यांच्याबरोबर ती जागा बघायला गेली. माणसं उत्साहात होती. एकजण पावलांनी मंडप मोजत होता, दुसरा स्टेज कुठे घ्यायचं ते हात पसरून दाखवत होता. जागेचा मालक म्हणाला, "या ना मॅडम, मैदान बघा."

"बघते," सुगंधा म्हणाली, आणि मैदान ओलांडून पलीकडच्या कौलारू घराकडे चालू लागली. दारात मिरच्या वाळत घातल्या होत्या. तिनं चपला बाहेर काढल्या आणि हाक मारली, "आहे का कुणी घरात?"